एकतिसावं पान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी काकांचं नाव घेतो. घरी हे सगळ्यांना माहीत आहे आणि मान्यही आहे. काका म्हणजे आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने ग्रंथपाल. नात्याने ते माझे कुणी लागत नाहीत. गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही काका म्हणतो.

गाव भोकरदनच्या पुढे. वाचनालय बसस्टँडसमोर, बी-बियाणं आणि खताच्या दुकानाच्या माडीवर. त्यामुळे आमच्या गावच्या पुस्तकांना कागदाचा नाही, खताचा वास येतो. आठवीत असताना मी तिथे पहिल्यांदा गेलो, तो पुस्तकासाठी नाही, तर पंख्यासाठी. काकांनी ते ओळखलं होतं. "हवा फुकट हाय. पण बसायचं असंल तर हातात कायतरी धरून बस," म्हणाले. मी जे हातात आलं ते धरलं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. भोकरदनला रोज एसटीने जाऊन मी बी.ए. झालो आणि पुढे काय करायचं ते न कळून पुन्हा काकांच्या पंख्याखाली येऊन बसलो. वर्षभर काका काही बोलले नाहीत. मग एक दिवस संभाजीनगरहून ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा फॉर्म घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला.

"मला जमंल का काका?"

"मला जमलं की. म्या तर सहा महिन्याचा कोर्स केलेला माणूस. पण मी चाललो रिटायर व्हायला. आता जागा भरायची म्हणल्यावर डिग्रीवालाच लागतो. तू डिग्री कर."

फॉर्मवरचं माझं नाव सोडून बाकी सगळं त्यांनीच भरलं.

संभाजीनगरचं ते वर्ष मी घाबरतच काढलं. वर्गात शब्द इंग्रजीतून यायचे, आणि बाकीची मुलं मान डोलवायची म्हणून मीही डोलवायचो. पण एक विषय मला मनापासून आवडला, वर्गीकरण. जगातलं कुठलंही पुस्तक आणा, त्याला दशांश पद्धतीत एक ठरलेली जागा आहे, शेतीला आहे, स्वयंपाकाला आहे, मराठी कादंबरीला आहे. आकडा एकदा बरोबर आला की कुणी तुम्हाला काही म्हणू शकत नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला तो मोठा आधार होता. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर पुस्तकाचं पहिलं, शीर्षकाचं पान छापलेलं असायचं: नाव, लेखक, प्रकाशक. त्याखाली 'इतर माहिती' म्हणून दाखल क्रमांक दिलेला असायचा. पुस्तक वाचनालयात आलं की नोंदवहीत त्याला जो नंबर मिळतो, तो हा दाखल क्रमांक. पुस्तकाचा जन्मदाखलाच म्हणा. तो कार्डाच्या कोपऱ्यात उतरवायचा. मी शेकडो कार्डं लिहिली. तो नंबर येतो कुठून, पुस्तकावर असतो कुठे, हे मला कधी शोधावंच लागलं नाही. तो दिलेलाच असायचा.

शिकवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे शिकवलं त्यावरच आज माझं घर चालतं. मी फक्त काय झालं ते सांगतो आहे.

पहिल्या वर्गात पास होऊन मी परत आलो आणि काकांच्या खुर्चीवर बसलो. एक वर्ष काम बघून मग कायम करायचं, या अटीवर. काका परभणीला मुलीकडे राहायला गेले. जाताना चाव्या दिल्या. "अडलं तर विचार," एवढंच म्हणाले. आम्ही गल्लीभर पेढे वाटले. मुलगा ग्रंथपाल झाला, असं वडील बसस्टँडवर ओळखीच्या माणसांना सांगत आणि अनोळखी माणसांनाही.

आणि मला पहिल्याच दिवसापासून भीती वाटू लागली. साहेबांची नाही, वाचकांची.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर अण्णा रोज अकराला येत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ते द्या, ज्याच्यात म्हातारा शेवटी मरतो."

"कोणतं अण्णा? नाव काय?"

"मला नाव म्हाईत असतं तर तुला म्हातारा कामून सांगितला असता?"

"लेखक?"

"काकाला बराबर म्हाईत व्हतं. काकानं कवा लेखक इचारला न्हाई."

संदर्भसेवेच्या पेपरात मला चांगले मार्क होते. वाचकाची गरज कशी जाणून घ्यावी, याच्या पायऱ्या मला पाठ होत्या. मी त्या पायऱ्यांनी विचारत गेलो, तसतसे अण्णा चिडत गेले. शेवटी पेपर वाचायला जाऊन बसले. एका बाईंना लेकीच्या बाळंतपणाचं काही वाचायचं होतं, पण ते माझ्यासारख्या पोरापुढे बोलायचं नव्हतं. त्या दोनदा आल्या, उभ्या राहिल्या आणि तशाच गेल्या. जो तो म्हणायचा, काकाला म्हाईत व्हतं. काकाला म्हाईत व्हतं. जिन्यावर कुणाची चप्पल वाजली की मी कपाटामागे जाऊन उभा राहायचो. हे लोक वाचनालयाच्या सचिवांना सांगतील, वर्ष संपायच्या आत मला काढतील, आणि वडील बसस्टँडवर काय तोंड दाखवतील?

मग मला जे येत होतं त्याच्यात मी लपलो. काकांनी कपाटं त्यांच्या पद्धतीने लावली होती. मी ती दशांश पद्धतीने लावायला घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर काकांची पांढरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर शाईने लिहिलेला नंबर. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, कडा उचकटल्या होत्या. मी ओल्या फडक्याने त्या काढायचो, पाठ पुसायचो आणि माझी छापील पट्टी लावायचो: वर्गाचा आकडा, खाली लेखकाची आद्याक्षरं. कादंबऱ्यांपासून सुरुवात केली. दोन महिन्यांत चार कपाटं झाली. एका रांगेत एकसारख्या पट्ट्या दिसल्या की छातीतली धडधड जरा कमी व्हायची.

"कापडं बदलून राह्यला का पुस्तकांचे?" अण्णांनी विचारलं.

मला ते कौतुक वाटलं.

एका शनिवारी दुपारी सचिव वर आले. वाचनालयाचे सचिव म्हणजे खालच्या दुकानाचेच मालक.

"जालन्याहून तपासणीचे साहेब येऊन राह्यले गुरुवारी. दाखल रजिस्टर पुसून ठेव. तुला काय म्हणा, तू शिकलेला. काकाच्या टायमाला मला झोप नसायची."

"काय बघतात ते?"

"तुला म्हाईत न्हाई?" ते हसले. "रजिस्टरमधला नंबर काढत्यात, म्हणत्यात पुस्तक दाखवा. मंग पुस्तकावरचा नंबर बघत्यात. जुळला तर ठीक. न्हाई जुळला तर ते पुस्तक न्हाईच, असं लिहित्यात. लई कमी निघाले तर आपल्या वाचनालयाचा वर्ग उतरला, सरकारी अनुदान घटलं. आन् वर्ग उतरला की मंग डिग्रीवाला पोसता येत न्हाई आपल्याला." ते सहज म्हणाले. माझ्याविषयी बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसावं.

ते गेल्यावर मी नोंदवही उघडली. एक नंबर निवडला, नोंदीवरून कादंबरीचं नाव पाहिलं. माझ्या पट्ट्यांमुळे ती कपाटात चटकन सापडली. मला बरं वाटलं. मग नंबर बघायला पहिलं पान उघडलं, तर ते नव्हतं. दर उन्हाळ्यात बाइंडर यायचा, तो जुन्या पुस्तकांची फाटकी पानं काढून नवे पुठ्ठे घालायचा. नंबर लिहिलेलं पान त्यात केव्हाच गेलं होतं. मी शेवटचं पान पाहिलं. पहिली दहा पानं पाहिली, शेवटची दहा पाहिली. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. कादंबऱ्या सगळ्यात जास्त वाचल्या जातात, म्हणून सगळ्यात जास्त फाटतात, म्हणून चारही कपाटं बहुतेक बाइंडरच्या हातून गेलेली. त्यांचा नंबर एकाच ठिकाणी उरला होता, पाठीवरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर. आणि त्या चिठ्ठ्यांचे गोळे करून मी कचऱ्याच्या डब्यात टाकले होते.

मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, कपाटापाशी जमिनीवरच. पुस्तकं समोर होती, पण ती आमची आहेत हे सांगायला आता काही उरलं नव्हतं.

रविवारी वाचनालय बंद असतं. त्या दिवशी मी दार आतून लावून एक काम केलं. ते लिहायला मला आजही जड जातं. नोंदवही मांडीवर घेतली आणि नावावरून नंबर शोधून, उरलेल्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहू लागलो. जिथे एकच प्रत होती तिथे ठीक होतं. पण गाजलेल्या कादंबऱ्यांच्या तीन-तीन, चार-चार प्रती होत्या. कुठला नंबर कुठल्या प्रतीचा? मी अंदाजाने देत गेलो. तीसेक पुस्तकं झाल्यावर एका नोंदीपुढे लाल शाईत काकांच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'गहाळ'. ती प्रत कित्येक वर्षांपूर्वी हरवली होती, आणि तिचा नंबर मी नुकताच समोरच्या धडधाकट पुस्तकावर लिहिला होता. माझा हात थांबला. पेन्सिल कुठे ठेवली तेही आठवत नाही.

काकांना विचारायला हवं होतं. शनिवारीच विचारायला हवं होतं. खरं तर दोन महिन्यांपूर्वी. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की तुमच्या हाताच्या चिठ्ठ्या मी काढून फेकल्या. सोमवारी सकाळी मी तीनदा नंबर लावून तीनदा कापला. चौथ्यांदा त्यांचाच फोन आला.

"उचलायच्या आधीच कापून राह्यला. काय हाय?"

"काही नाही काका. मी..."

"आवाज तर असा हाय, जसं कोणी मेलं. बोल."

"पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या मी काढल्या. नंबराच्या."

त्यांच्या मुलीच्या घरी कुकर लावलेला होता. त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"किती कपाटं?"

"चार."

"कादंबऱ्याचे?"

"हो."

"ओढून काढल्या का पाण्यानं?"

"ओल्या फडक्यानं."

"मंग पुठ्ठे तरी वाचले." तिसरी शिट्टी झाली. "मला कामून न्हाई इचारलं?"

"भीती वाटली."

"कोणाची? माझी?"

"हो."

"अरे मला जिंदगीभर साहेबाची भीती वाटली. माझी कोणाला वाटंल असं मला सपनात न्हाई आलं." ते थोडे हसले. मला हसू आलं नाही. "गुप्त पान शिकवलं का तुला तिथं?"

शिकवलं होतं. वाचनालयाने एक पान ठरवून ठेवायचं, प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर नंबर घालायचा, आणि ते पान कर्मचाऱ्यांशिवाय कुणाला सांगायचं नाही. पहिलं पान फाडून पुस्तक चोरलं तरी ओळख पटते. मी त्यावर टीप लिहिली होती.

"दोन मार्काला होतं," मी म्हणालो.

"किती भेटले?"

"दोन."

"दोनपैकी दोन! आन् आपल्याकडं गुप्त पान कोणतं हाय हे इचारलं न्हाई तू."

आमच्या खताच्या माडीवर असं काही असेल, असं मला वाटलंच नव्हतं. हे मी त्यांना बोललो नाही. त्यांना ते कळलं असावं.

"एकतीस," काका म्हणाले. "शिलाईजवळ, पेन्सिलीनं, बारीक. पुस्तक पुरं फाकवल्याबिगर दिसणार न्हाई."

"एकतीसच का काका?"

"चोर पाच-धा पानं चाळतो. आन् ज्यानं तीस पानं वाचले, त्यानं पुस्तक नेलं तरी चालतंय."

फोन ठेवून मी समोरचं पुस्तक एकतिसाव्या पानावर फाकवलं. शिवणीच्या दोऱ्याला चिकटून, मुंगीएवढे आकडे होते.

रविवारी लिहिलेले नंबर मी एकतिसाव्या पानाशी ताडून पाहिले. सात चुकले होते. सगळे खोडले. आता हातात अडीच दिवस होते आणि चार कपाटं. एकट्याने होणारं काम नव्हतं. वाचनालयात पोलीस भरतीच्या आणि तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पाच-सहा मुली रोज बसतात. त्यांच्यातल्या एकीने मला पुस्तकं फाकवताना पाहिलं.

"दादा, काय शोधून राह्यले? पैसे सापडले का कोण्या पुस्तकात?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण इतका घाबरलो होतो की खरं तेच तोंडातून आलं. पाच मिनिटांत सगळ्याजणी कपाटाशी होत्या. एक पान उघडायची, एक नंबर वाचायची, एक चिठ्ठी लिहायची, मी माझ्या पट्टीखाली ती चिकटवायचो. "एकतीस! फाकव! अजून फाकव!" दिवसभर तेच चाललं होतं. बुधवारी संध्याकाळी दोन कपाटं पूर्ण झाली. दोन राहिली.

गुरुवारी साहेब आले. सडपातळ, चष्मा, हातात रुमाल. खताच्या वासाने दोनदा शिंकले. त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि नंबर सांगायला सुरुवात केली. पहिली चार पुस्तकं चिठ्ठी लावलेल्या कपाटातली निघाली. पाचवं राहिलेल्या कपाटातलं. मी आणून दिलं. त्यांनी पाठ पाहिली, पहिलं पान पाहिलं.

"नंबर कुठे आहे?"

"गुप्त पानावर, साहेब."

"कितवं?"

एवढा साधा आकडा, पण तोंडातून निघेना. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून तीन मुली एका सुरात ओरडल्या, "एकतीस!"

सचिवांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे गुप्त पान आहे की ग्रामपंचायतीचा फळा?"

कंडक्टर अण्णा पेपरामागे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकतिसावं पान उघडलं आणि नंबर पाहिला. तो जुळला. मग ते स्वतः उठले, कपाटातून एक पुस्तक काढलं, पहिलं पान उजेडाकडे धरलं. तिथे खोडलेल्या पेन्सिलीचा वळ होता.

"आणि हे?"

एखाद्या वाचकाने काही लिहिलं असेल, एवढं म्हणणं सोपं होतं. सचिव मला नजरेने तेच सांगत होते.

"मी लिहिला होता," मी म्हणालो. "अंदाजाने. चुकीचा होता, म्हणून खोडला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. भीतीनं लिहिला."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "प्रश्नपत्रिकेत नंबर दिलेला असतो, नाही का?" ते म्हणाले, आणि खाली बसून बराच वेळ लिहीत राहिले. त्यांच्या पेनचा आवाज सोडून मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी शेरा मारला: तीन महिन्यांत सर्व चिठ्ठ्या पूर्ववत कराव्यात, गुप्त पान बदलावे, फेरतपासणी होईल, वर्गाचा निर्णय त्यानंतर. सचिव मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "वर्ष कधी पुरं व्हतंय तुझं?" ते तीन महिने मी कसे काढले ते घरी कुणाला सांगितलं नाही. वडील बसस्टँडवर सांगतच होते.

फेरतपासणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना पत्र लिहिलं. फोनवर ते हो हो म्हणतात आणि कुकरकडे बघायला जातात, म्हणून पत्र.

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

काल साहेब परत येऊन गेले. वीस नंबर मागितले, वीस जुळले. वर्ग राहिला. सचिवांनी मला कायम केल्याचं आजच सांगितलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, कारण ते बसस्टँडवर इतके दिवस सांगत होते ते आत्ता कुठे खरं झालं, हे त्यांना कसं सांगायचं ते कळत नाही. तुम्हाला आधी कळवतो.

सगळ्या पुस्तकांना चिठ्ठ्या लागल्या. नंबर मीच लिहिले, पण चारचा आकडा मुद्दाम तुमच्यासारखा काढायला शिकलो. माझ्या पट्ट्याही ठेवल्या आहेत. साहेब म्हणाले, त्या चुकीच्या नाहीत.

फॉर्म तुम्ही भरला, कोर्स मी केला, असंच आजवर मला वाटत होतं. आता वाटतं, अर्धा कोर्स संभाजीनगरला झाला आणि अर्धा राहिला होता, तो तुम्ही फोनवर पुरा केला. चिठ्ठ्या फेकल्या त्याबद्दल तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

भीती अजून गेली नाही. जिना वाजला की पाय अजून कपाटामागे वळतात. पण आता येणाऱ्याला मी आधी बसा म्हणतो. बाळंतपणाचं पुस्तक मागणाऱ्या बाई परवा आल्या, तेव्हा मी ते कपाट दाखवलं आणि स्वतः खाली जाऊन चहा प्यायलो. त्या पुस्तक घेऊन गेल्या. कंडक्टर अण्णांचं, म्हातारा शेवटी मरतो ते पुस्तक मात्र मला अजून सापडलेलं नाही. मी आजवर सात म्हातारे दिले, एकही त्यांना पटला नाही. तेवढं नाव कळवा.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे गुप्त पान बदललं आहे. नवीन पान फक्त मला माहीत आहे. मुलींना सांगितलेलं नाही, त्या रोज विचारतात. तुम्हाला सांगायचं आहे, पण पत्रात कसं लिहू? दिवाळीत गावी या. कानात सांगेन.

आपला,
खुर्चीवर बसलेला